लाल पागोट्याचा मुऱ्हाळी

निरोप आला तेव्हा मी पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मैदानावर, बसून मिरच्यांची देठं खुडत होते. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं, आणि नंदुरबारच्या बाहेर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली. कासमभाई पिंजारी बांधावरून चालत आला. तो कधी पथारीकडे फिरकत नाही, त्याला ठसका लागतो. जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बायजाबेन, पहले हात धो लो." मी म्हटलं, का? "धो लो, फिर बोलता हूँ." मी मडक्यातलं पाणी घेतलं, राख लावून हात चोळले. मिरचीचे हात ते, कितीही धुतले तरी दिवसभर जळतात. मग तो म्हणाला, "गोमाभाई गया." मी डोळ्याला हात लावला नाही. पदरही लावला नाही, पदरातही मिरचीच होती. बायका मागाहून म्हणाल्या, बायजाबाई रडली नाही. कशी रडणार... डोळे फोडून घ्यायचे का.

कासमभाईचं घर गोमाभाऊच्या खोलीला लागून आहे. त्यानं सांगितलं, सकाळी गोमाभाऊनं गाडीच्या चाकांना वंगण घातलं, बैलांना पाण्यावर नेऊन आणलं, आणि जरा टेकतो म्हणून खाटेवर टेकला. कासमभाई चहा घेऊन गेला तर उठलाच नाही. मी गेले तेव्हा बोटांना वंगण तसंच होतं. आखाजीला अजून बराच अवकाश होता, पण तो दरवर्षी होळी झाली की गाडीच्या मागे लागायचा. चाक कुरकुरलं तर सासरची माणसं काय म्हणतील, म्हणायचा.

आता ही आखाजी, ते सासर, हे सांगितल्याशिवाय दुसरीकडच्या वाचणाऱ्यांना काही कळायचं नाही. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, लेकींचा सण. लग्न झालेली पोर त्या दिवसांत माहेरी येते, झोके खेळते, आंब्याचा रस खाते. तिला आणायला माहेरचं माणूस गाडी घेऊन जातं, भाऊ असेल नाहीतर काका. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आणि दुसरं म्हणजे, शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं त्याच दिवशी ठरतं. ज्याला घर आहे त्याचा हा सण, आणि ज्याला नाही त्याला त्या दिवशीच कळतं की आपल्याला नाही. हे मी बोलते आणि शाळेच्या बाई लिहून घेतात. त्यांनी माझं बोलणं थोडं सरळ केलंय, पण माणसं जशी बोलली तसंच ठेवा, असं मी त्यांना सांगितलंय.

गोमा माझ्या रक्ताचा कोणी नव्हता. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात सातपुड्यातली माणसं अन्नासाठी खाली उतरली, त्या गर्दीत मी होते, तोही होता. माझी आई वाटेतच राहिली. मी कुठल्या पाड्यावरची, बापाचं नाव काय, मला काही सांगता येईना. नाव तेवढं येत होतं, बायजा. तो माझ्यापेक्षा मोठा, मिसरूड फुटायची असलेला. त्यानं माझा हात धरला तो नंदुरबारपर्यंत सोडला नाही, असं तो सांगायचा. मला आठवत नाही. मला त्याच्या हाताची नुसती पकड आठवते.

नंदुरबारला दुष्काळातल्या पोरांसाठी एक घर काढलं होतं. नाव मोठं होतं त्याचं, पण गाव त्याला बिनमायनं घर म्हणायचं, बिनआईच्या पोरांचं. तिथं आम्हाला जेवायला मिळालं, अंगावर कपडा मिळाला, चार अक्षरं मिळाली. मी त्या घराला नाव ठेवणार नाही. पण पोर कामाला आलं की घर सोडायचं, कारण दारात दुसरं उभंच असायचं. मुलगा असला तर आखाजीला सालदार म्हणून कोणा शेतकऱ्याकडे द्यायचा, मुलगी असली तर लग्न लावून द्यायचं. निघताना एक धोतर नाहीतर लुगडं, एक लोटा, आणि घर चालवणाऱ्या मोठ्या बाई डोक्यावर हात ठेवायच्या. मग फाटक लागायचं.

गोमा त्या घरातून निघालेल्या पहिल्या पोरांतला. साल ठरताना दोन्हीकडची माणसं झाडाखाली बसतात. सालदाराकडून बाप बोलतो, चुलता बोलतो... धान्य किती, घोंगडी कोणती, जोडा वर्षातून एक की दोन, सगळं बोलून घेतात. गोमाच्या बाजूला कोणी नव्हतं. शेतकऱ्यानं विचारलं, "तुन्हा जामीन कोन शे?" गोमानं मागे वळून पाहिलं. मागे बोरीचं झाड होतं. शेतकरी हसला म्हणे, आणि म्हणाला, मग भाकरीवर राहा. वर्षभर तो नुसत्या भाकरीवर राबला. घोंगडी मिळाली ती आधीच्या सालदाराची, मधोमध भोक पडलेली. पुढची आखाजी आली, बाकीचे सालदार सणाच्या गोड सांजोऱ्या खायला आपापल्या घरी गेले. गोमा चालत चालत आमच्या फाटकाशी येऊन बसला. बाहेर गेलेल्या मोठ्या मुलांना आत घ्यायची परवानगी नव्हती. मी कुंपणातून त्याला एक सांजोरी दिली. त्यानं ती मोडून अर्धी मला परत दिली. खूप वर्षांनी एकदा सहज म्हणाला, त्या दिवशी त्या फाटकाशी बसून ठरवलं, की पुढच्या आखाजीला कोणी असं बसायचं नाही.

मग तो आगगाडीच्या मालधक्क्यावर लागला. मिरचीची पोती उतरवायची, चढवायची. एका व्यापाऱ्याची गाडी हाकायला लागला, आणि काही वर्षांत स्वतःची जुनी गाडी आणि दोन बैल केले, हौश्या आणि लाल्या. पुढे बैल बदलले, नावं तीच राहिली. पथारीच्या कडेला, कासमभाईच्या बापाच्या भिंतीला टेकून, त्यानं एक खोली बांधली. कुडाच्या भिंती, वर कौलं. बैलांचा गोठा बाहेर. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. आमच्या घरातून जो निघेल त्याला तो फाटकाशीच सांगायचा, ही खोली तुझी, आजारी पडलास ये, काम सुटलं ये, आखाजीला तर येच. मोठ्या बाईंनाही ते बरं वाटलं. पोरगं निघायच्या दिवशी त्या गोमाला स्वतःहून निरोप पाठवायला लागल्या.

साल ठरवायला तो पोरांच्या बाजूने बसायचा. अंगठ्याएवढा माणूस, पण बसला की हलत नसे. "घोंगडी कोनती? मागला सालनी का नवी?" शेतकरी म्हणायचा, नवीच आहे की. "मंग आन आठे, देखू दे." घोंगडी आणून उन्हात धरायचा आणि बोटानं चाचपायचा. उठताना एकच वाक्य, "मी याना भाऊ शे. याना जोडा फाटना तर मी ईसू." आणि तो खरंच जायचा. शहाद्याकडे एका पोराला भर थंडीत जोडा दिला नव्हता, तर हा गाडी घेऊन त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसला. भांडला नाही. आपले जोडे काढून पोराला घातले आणि अनवाणी तिथंच बसून राहिला. येणारे-जाणारे विचारायला लागले, गाडीवान असा का बसलाय. दुपारपर्यंत नवा जोडा आला.

माझं लग्न लागलं ते प्रकाशाला. नवरा नावाडी, तापीवर नाव चालवायचा. बिजवर होता, पण माणूस शांत होता, तो मला कधी टोचून बोलला नाही. ती कसर सासूनं भरून काढली. पाणी सांडलं तर बिनमायनी, भाकर करपली तर बिनमायनी. पहिली आखाजी जवळ आली तशा गल्लीतल्या सुना एकेक करून निघाल्या. कोणाचा भाऊ आला, कोणाचा बाप आला. मी घाटावर भांडी घासत होते. सासू वरून म्हणाली, "तुन्हा माहेरथून कोनी उनं नही का वं?" तिला माहीत होतं, पण विचारायची हौस. मी घासत राहिले. उन्हाळ्यात तापी आटते, गाड्या वाळूतून आणि गुडघाभर पाण्यातून येतात. पलीकडच्या काठावरून एक गाडी उतरताना दिसली. गाडीवानाच्या डोक्यावर लालभडक पागोटं होतं, इतकं लाल की मला वाटलं पथारीवरची मिरचीच कोणी डोक्याला गुंडाळली. गाडी मध्यावर आली तेव्हा मी ओळखलं. हातातला लोटा वाहत गेला. नवऱ्यानं नावेवरून उडी मारून तो धरला.

गोमाभाऊ ओट्यावर बसला, पागोटं सावरलं आणि म्हणाला, "मी बायजाना भाऊ शे. आखाजीले लेवाले उनू." सासूनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बिनमायनी पोर ही. इले भाऊ कोठून उना?" गोमाभाऊ म्हणाला, "आभायमाईन पडनू, माय. पडता पडता तहान लागनी. घोटभर पानी दे." आभाळातून पडलो, हे ऐकून नवरा तोंड फिरवून हसला. सासू आत गेली आणि पाणी घेऊन आली, आणि मी पाहिलं, पाहुण्याला द्यायचा तो पितळी लोटा तिनं काढला होता. परत येताना गाडीत तिनं आंब्याची पाटी ठेवली. त्यानंतर तिचं बोलणं थांबलं असं नाही, पण बोलता बोलता ती नदीकडे पाहायची. हिचा भाऊ येतो, हे तिच्या डोक्यात बसलं.

ते पागोटं तो वर्षातून तेवढंच घालायचा. बाकी वर्षभर डोक्याला मळकं फडकं. मी म्हटलं, एवढं लाल कशाला रे? तर म्हणे, पोर लांबून पाहत असते. तिला जितकं लवकर दिसेल तितकं बरं.

त्या आखाजीला मी पहिल्यांदा खोलीत राहिले. चार पोरी होतो, पाच-सहा पोरं. निंबाला झोका बांधला होता. सणाच्या दिवशी आमच्याकडे नवी घागर आणून पाण्यानं भरतात, वर लहान लोटा, त्यावर आंबा आणि सांजोरी ठेवतात, आणि मेलेल्या वाडवडलांची नावं घेऊन पाणी देतात. आम्हाला कोणाची नावं माहीत? एक पोरगी रडायला लागली, मी कोणाला पाणी देऊ म्हणून. गोमाभाऊनं एकच घागर आणली होती सगळ्यांत मिळून. तो म्हणाला, "नाव नही म्हाईत तर नही. त्यास्ले तर म्हाईत शे ना आपलं नाव." आम्ही सगळ्यांनी त्या एका घागरीला हात लावला आणि पाणी दिलं.

सण झाला की ती घागर तो उन्हात वाळवायचा आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा. वर्षभर तिच्यात पाणी नाही, पैसे. जुन्या घागरीतले कोणी न मोजता नव्या घागरीत ओतायचे आणि जुनी फोडायची. रीत अशी, की खोलीत एका वेळी एकानंच जायचं आणि हात घागरीत घालायचा. ज्याचं बरं चाललंय त्यानं टाकायचं, ज्याचं अडलंय त्यानं काढायचं. कोण टाकून आला, कोण काढून आला, विचारायचं नाही. बाहेरून दिसायला दोन्ही सारखंच. घागरही तो पारखून आणायचा. कुंभाराकडे जाऊन एकेका घागरीत हात घालून पाहायचा. कुंभार चिडायचा, "पानी भरानी घागर शे का बांगड्या भरानी?" त्याला अशी घागर हवी असायची की हात सपाट करून आत जावा, पण गच्च मूठ बाहेर येऊ नये.

ते का, हे आम्हाला सुक्यामुळे कळलं. सुक्या आमच्यातला सगळ्यांत हावरा. सांजोऱ्या मोजून ठेवाव्या लागायच्या त्याच्यापासून. तो खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. मग आतून आवाज, "भाऊ... ओ भाऊ... मन्हा हात." आम्ही दारातून डोकावलो तर सुक्या घागर हातात अडकवून उभा, घामानं थबथबलेला. पोरी हसून हसून खाली बसल्या. कोणी म्हणालं घागर फोडा, कोणी म्हणालं हातच कापा. गोमाभाऊ आत गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोड थोडं. हात आपेआप निंघी." आत पैसे पडल्याचा आवाज झाला आणि हात निघाला. मुठीत राहिलं होतं ते त्यानं सुक्याकडेच राहू दिलं. त्याच पैशातून सुक्यानं विळा आणि कुऱ्हाड घेतली. त्याच्या नावाची ती पहिली वस्तू. आज तो उसाच्या तोडीवर दहा माणसांचा मुकादम आहे, पण आम्ही त्याला अजून घागऱ्या म्हणतो.

एकदा घागर चोरीला गेली. कासमभाईचा बाप तेव्हा होता, तो म्हणाला, गोमा, आता तरी कुलूप लाव. गोमाभाऊ म्हणाला, "चोर बी बिनमायना व्हई, चाचा. नही तर मडकं कोन चोरस?" आणि कुंभाराकडे गेला.

मानमोडी तापाची साथ आली त्या वर्षी माझा नवरा गेला. सकाळी नावेवर होता, तिसऱ्या दिवशी नाही. सासूही गेली, आठवड्याच्या आत. शेवटी तिनं पाणी माझ्याच हातून घेतलं. नाव दिराकडे गेली, दीर म्हणाला, तुझी तू बघ. माझ्या कडेवर मुलगी होती. गोमाभाऊला निरोप कोणी दिला ठाऊक नाही, पण आखाजी नसताना, भर पावसाळ्यात तो आला. तापी दोन्ही काठ भरून वाहत होती. गाडी पलीकडे ठेवून तो नावेतून आला, पण पागोटं तेच लाल. दिराच्या ओट्यावर बसून म्हणाला, "बायजाले लेवाले उनू." दीर म्हणाला, आता काय आखाजी आहे? "मन्ही शे," गोमाभाऊ म्हणाला.

खोलीत आले आणि दोन दिवस नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, घागर आहे कोपऱ्यात. एवढं बोलून बाहेर गेला. मला ते जड गेलं. तोपर्यंत मी दर आखाजीला टाकतच आले होते, नवरा द्यायचा तेवढे. टाकताना हात हलका असतो... काढताना कोपरापर्यंत लाज चढते. मी हात घातला, मूठ भरली आणि मूठ अडकली. तेवढ्यात बाहेरून गोमाभाऊचा आवाज आला, बैलांवर ओरडत होता. "हौश्या, कितलं खाशी रे? पोट शे का कोठी? आनि तू लाल्या, तू कसाले देखी ऱ्हायना? तुन्हं काम कर." मोठमोठ्यानं, रस्त्यावरून ऐकू जाईल असा. त्याच्या त्या गलक्यात मी मूठ जरा सैल केली, पैसे खणखणले, हात बाहेर आला. बाहेर येऊन पाहते तर गोठा रिकामा. बैल कासमभाईच्या बापानं नदीवर नेले होते. गोमाभाऊ रिकाम्या गव्हाणीकडे तोंड करून उभा होता आणि अजून हौश्याला रागवत होता.

तो वळला नाही. पण मला मागचं सगळं आठवलं. दर आखाजीला कोणी खोलीत गेलं की हा बाहेर बैलांशी बोलायला लागायचा, आणि आम्ही पोरी म्हणायचो, भाऊ म्हातारा व्हायच्या आधीच बडबडायला लागला. आत पैसा पडला की निघाला, ते बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो बोलत होता. इतकी वर्षं.

त्या पैशातून मी उखळ आणि मुसळ घेतलं, मिरची कांडून द्यायला लागले. पथारीवर दिवसा खुडणं, बाकी वेळ कांडणं. हात जळायचे, ते तर अजून जळतात. पण मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला आणायला दरवर्षी मी आणि गोमामामा दोघं जायचो. तिला माहेर होतं, तिला कोणी बिनमायनी म्हणालं नाही. काढले त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी घागरीत टाकायला गेले तेव्हा बाहेर भाऊ लाल्याला विचारत होता, तुझी शेपटी एवढी बारीक का. मी आतल्या आत हसले. आमच्या घरातून निघालेले किती जण त्या खोलीतून उभे राहिले. कोणी टांगा केला, कोणी कुंभारकाम शिकलं, एक पोरगी दाई झाली, तिनं माझ्या नातवाला हातात घेतलं. गोमाभाऊनं स्वतःचं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "गाडीमा जागा नही." आणि खरंच नसायची. आखाजीला गाडी परत यायची तेव्हा पोरी, त्यांची पोरं, आंब्याच्या पाट्या, आणि हा बैलांच्या पाठीला टेकून कसाबसा बसलेला.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बिनमायन्या घरातली रुमली प्रकाशाला दिली. लाजरी पोर, प्रश्न विचारला तर पायाच्या अंगठ्याकडे पाहते. निघताना ती गोमाभाऊला एवढंच म्हणाली, "तू ईशी ना?" तो म्हणाला, "पागोटं देखज्यो." पागोटं पाहत राहा. आणि होळीनंतर तो गेला. त्याला शेवटचं पोहोचवायला किती माणसं आली, मालधक्क्यावरचे हमाल, शेतकरी, कासमभाईची सगळी गल्ली... सुक्या पोरासारखा रडला. पण माझ्या डोक्यात एकच होतं. रुमलीला कोणी सांगितलेलं नाही. ती नदीकडे पाहत असेल.

तेराव्यानंतर आम्ही खोलीत बसलो. सगळ्यांचं म्हणणं, यंदा दुखवटा आहे, पुढल्या वर्षी बघू. मी म्हटलं, गाडीला वंगण घातलेलं आहे. मी जाते. सुक्या म्हणाला, "आक्का, बाईमानूस कधी मुऱ्हाळी व्हस का?" मी म्हटलं, "तू हाक गाडी. तुन्हा हात घागरमा अडकना तवय तू मानूस व्हता का वांदर, कोनी विचारं का?" सगळे हसले, त्या घरात कितीतरी दिवसांनी. सुक्यानं आपल्या तोडीवरून रजा घेतली.

पागोटं माझ्या डोक्यावर चालणार नव्हतं. मी ते गाडीच्या पुढच्या उभ्या खुंट्याला गुंडाळलं, घट्ट. धुऊन धुऊन त्याचा रंग उतरला होता, तरी लांबून लालच दिसत होतं. आम्ही पहाटेच निघालो आणि ऊन चढल्यावर तापीच्या वाळूत उतरलो. मी घाटाकडे पाहत होते. मी भांडी घासायचे त्याच दगडाशी एक पोर उभी होती. तिनं कपाळावर हात धरला आणि मग पळत वर गेली. गाडी दारात पोहोचेपर्यंत तिचं गाठोडं ओट्यावर आलं होतं.

रुमलीचा सासरा बाजेवर बसला होता. त्यानं खुंट्यावरचं पागोटं पाहिलं, सुक्याला पाहिलं, मला पाहिलं. "मुऱ्हाळी कोन?" सुक्यानं माझ्याकडे बोट केलं. सासरा म्हणाला, "बाई? इन्हा भाऊ ना कोनी लाल पागोटावाला?" मी म्हटलं, "भाऊ ग्या, बाबा. गाडी शे ना." त्यानं पुन्हा एकदा पागोट्याकडे पाहिलं. मग आतल्या बाईला हाक मारून म्हणाला, पाहुण्यांना पाणी दे. रुमली दारात उभी होती. ग्या हे तिनं ऐकलं होतं. ती गाडीत चढली आणि पागोट्याला एकदा हात लावला. पलीकडच्या काठावर गाडी चढली तेव्हा विचारलं, "पुढला सालले बी तूच ईशी?" मी म्हटलं, मी नाही तर सुक्या. सुक्या म्हणाला, मग मला पागोटं बांधायला शिकावं लागेल. तेव्हा ती थोडी हसली.

यंदा घागर मी आणली. कुंभार गोमाभाऊच्या वेळचाच, म्हातारा झालाय. मी एकेका घागरीत हात घालून पाहायला लागले तर तो नुसत्या घागरी पुढे सरकवत राहिला. सणाला ती भरली, वर आंबा ठेवला, सांजोरी ठेवली. दरवर्षी आम्ही नाव न घेता पाणी द्यायचो. यंदा पहिल्यांदाच त्या खोलीत नाव घेऊन पाणी दिलं. गोमा. सगळ्यांनी हात लावला, कासमभाई दारात उभा होता, त्यानंही लावला. दोन पोरांची सालं सुक्या बसून ठरवून आला, नव्या घोंगड्या उन्हात धरून.

सण संपला, घागर वाळली, जुन्या घागरीतलं तिच्यात ओतलं. रुमलीची परत जायची वेळ झाली. तिच्या नवऱ्याला मजुरी अधूनमधूनच लागते, हे तिनं मला सांगितलं नव्हतं, पण गाठोड्यावरून कळत होतं. मी म्हटलं, घागर आहे कोपऱ्यात. ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग आत गेली.

मी बाहेर गोठ्याशी येऊन उभी राहिले. सुक्यानं बैल नदीवर नेले होते. गव्हाण रिकामी होती. मी खोलीकडे पाठ केली आणि घसा साफ केला.

"हौश्या," मी मोठ्यानं म्हटलं, "कितलं खाशी रे?"